पॅप स्लाइड्समध्ये न्यूक्लियस फिकट, साइटोप्लाझम सगळा गुलाबी. काय तपासू?

निळीजांभळी:
नमस्कार मंडळी. सायटॉलॉजीचं (पेशी तपासणीचं) स्टेनिंग, म्हणजे स्लाइड रंगवण्याचं काम, माझ्याकडे येऊन चार महिने झाले. गेले दोन आठवडे पॅप स्लाइड्स (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या) बिघडताहेत. न्यूक्लियस (पेशीचं केंद्र) फुगलेला, फिकट, त्यातलं क्रोमॅटिन (डीएनएचं जाळं) पुसून टाकल्यासारखं. जिथे निळसर-हिरवा साइटोप्लाझम (केंद्राभोवतीचा भाग) दिसायला हवा तिथे गुलाबी-नारिंगी. काल स्लाइड्स वाचणाऱ्या मॅडमनी तीन स्लाइड्स रिपोर्ट करण्याजोग्या नाहीत म्हणून परत दिल्या. त्या तिघींना पुन्हा नमुना द्यायला यावं लागणार, हे फार मनाला लागलंय. हॅरिस हिमॅटॉक्सिलीन (न्यूक्लियसचा रंग) नवीन भरलं, त्याची वेळ तीनवरून सहा मिनिटं केली, ईए-५० (साइटोप्लाझमचा रंग) बदललं, तरी तेच. त्याच रॅकमधल्या काही स्लाइड्स मात्र छान येतात. सुरुवात कुठून करू?

जुना तंत्रज्ञ:
ताई, तुमचं उत्तर त्या 'काही छान येतात' मध्येच आहे. एका रॅकमधल्या स्लाइड्स त्याच जारमधून, तितकाच वेळ जातात. रंग उतरला असता तर सगळ्याच फिकट आल्या असत्या. तुम्ही वर्णन केलंय ते स्मिअर (स्लाइडवर पसरलेला नमुना) अल्कोहोलमध्ये पडण्याआधीच वाळल्याचं लक्षण. वाळलेली पेशी पसरते, न्यूक्लियस फुगतो, कडा धूसर होतात आणि साइटोप्लाझम इओसिन (ईए-५० मधला गुलाबी रंग) जास्त धरतो. मग हिमॅटॉक्सिलीन कितीही बदला.

खात्री करून घ्या. स्वतःच्या गालाच्या आतून दोन स्मिअर काढा. एक त्याच क्षणी ९५ टक्के इथेनॉलमध्ये सोडा. दुसरा टेबलावर पूर्ण वाळू द्या, मग सोडा. दोन्ही निदान १५ मिनिटं ठेवून नेहमीच्या रॅकमध्ये घाला. पहिला नीट आला तर तुमचे जार निर्दोष आहेत. खरं तर गालाचा एक स्मिअर रोज सकाळी पहिल्या रॅकला लावायलाच हवा.

आणि हिमॅटॉक्सिलीनची वेळ पुन्हा तीन मिनिटांवर आणा. न्यूक्लियस गडद झाला की आतलं क्रोमॅटिन झाकलं जातं, मॅडमना तेच तर बघायचं असतं.

पाणीवाला:
वरच्यांशी सहमत. तरी चांगल्या येणाऱ्या स्लाइड्सचा न्यूक्लियससुद्धा नीट बघा. तो निळा आहे की तांबूस-जांभळा? तांबूस असेल तर ब्लूइंग (हिमॅटॉक्सिलीन निळं करण्याची पायरी) कमी पडतंय. ॲसिडमधून काढल्यावर पाणी किंचित अल्कधर्मी लागतं. नळाचं पाणी तसं नसेल तर स्कॉटचं द्रावण करा, म्हणजे पाण्यात सोडियम बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. हिमॅटॉक्सिलीनवर चकचकीत साय धरते, ती रोज गाळून काढा. झायलीन (शेवटी स्लाइड पारदर्शक करणारं द्रव) दुधाळ दिसलं तर शेवटचं ॲब्सोल्यूट अल्कोहोल बदला, त्यात पाणी आलंय.

रॅक क्र. ३:
नमुने अल्कोहोलच्या जारऐवजी फिक्सेटिव्ह स्प्रे मारून येतात का? आमच्याकडे रंग ठिपक्याठिपक्यांनी लागायचा. स्प्रेमधल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर स्लाइडवर तसाच राहत होता. स्टेनिंगआधी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये भिजवून तो काढायला लागलो तेव्हा थांबलं.

निळीजांभळी:
स्प्रे नाही, जारच असतात. आज गालाचे दोन्ही स्मिअर लावले. पहिल्यात न्यूक्लियसची कड पेन्सिलीने रेखल्यासारखी, साइटोप्लाझम पारदर्शक, निळा-हिरवा. दुसरा थेट परत आलेल्या स्लाइड्ससारखा, गुलाबी आणि धुरकट! दोन्ही शेजारी ठेवून मॅडमना दाखवले. मग नोंदवही काढली. बिघडलेल्या बहुतेक स्लाइड्स एकाच ठिकाणच्या निघाल्या. फोन केला तर तिथल्या सिस्टर नवीन आहेत. त्या आधी स्लाइडवर नाव लिहून घेतात, मग जारचं झाकण उघडतात. तेवढा वेळ स्मिअर उघडाच!

नुकत्याच वाळलेल्या स्लाइड्स वाचवता येतात का?

जुना तंत्रज्ञ:
शाब्बास ताई, नोंदवही बघितलीत हे फार चांगलं केलंत. स्टेन न केलेली, नुकती वाळलेली स्लाइड नॉर्मल सलाइनमध्ये अर्धा मिनिट बुडवा, मग ९५ टक्के अल्कोहोल. बऱ्याचदा पेशी सावरते. पण हा इलाज अडचणीपुरताच. फार वेळ कोरडी पडलेली असेल तर हाती काही लागत नाही.

सिस्टरांना सांगा, नाव आधीच स्लाइडच्या फ्रॉस्टेड (खरखरीत) कडेवर पेन्सिलीने लिहायचं (शाई अल्कोहोलमध्ये विरघळते), झाकण आधीच काढून ठेवायचं, आणि मगच नमुना घ्यायचा.

निळीजांभळी:
उद्या भरलेले जार आणि पेन्सिली घेऊन स्वतःच जाते. गालाच्या त्या दोन स्लाइड्सही सोबत नेते, तिथे मायक्रोस्कोप आहे.