मदत हवी आहे: गल्लीच्या ग्रुपवर पुन्हा गप्पा कशा सुरू होतील?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी ४ वर्षं सांभाळतेय. १४० जण आहेत. सुरुवातीला फार छान चालायचा. गोदावरीचा पूर आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, म्हणून गंगापूर धरणातून पाणी सोडलं की एकच प्रश्न, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?" घाटाजवळ राहणारे एक काका एका हातात छत्री धरून फोटो टाकायचे, खाली लिहायचे, "कमरेपर्यंत." तेवढ्यावर भांडीबाजारातले आमचे शेजारी दुकानातला माल वरच्या फळीवर चढवायला पळायचे. कुणी मेथीचा भाव सांगायचं, कुणी नळाला पाणी कधी येणार ते.

निवडणुकीत फॉरवर्डवरून भांडण पेटलं, दोन घरं ग्रुप सोडून गेली. मी घाबरून फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग केलं. भांडण थांबलं, गप्पाही थांबल्या. पंधरा दिवसांनी सगळ्यांना मोकळं केलं, तरी आता नुसती फुलांची 'शुभ सकाळ' येतात. काका फोटो फक्त मला पाठवतात. "ग्रुपवर नको गं," म्हणतात. ते फार लागतं मनाला.

२०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे. रस्ते बंद, गर्दी, तेव्हा एकमेकांची खरी गरज पडेल.

सूचनांचा आणि गप्पांचा ग्रुप वेगळा करून कुणाला फायदा झालाय का? ज्येष्ठांचा गोंधळ होतो का? वडिलांच्या वयाच्या माणसाला फॉरवर्ड थांबवा हे कोणत्या शब्दांत सांगता? आणि सोडून गेलेल्यांना मेसेज करू, की सरळ घरी जाऊन बोलू?