सीआर कॉइलच्या पार्टवर ज्वाळेसारखे पट्टे

डायसेटर: ०.८ मिमी सीआर२ (थंड लाटलेल्या पत्र्याचा एक ग्रेड) कॉइलमधून प्रेसवर मोटरचं कव्हर काढतोय. माल नवा होता तेव्हा पार्ट स्वच्छ निघत होते. चार महिने पडून राहिलेल्या त्याच लॉटवर आता उथळ भागात ज्वाळेसारखे पट्टे उठतायत, पेंटखालूनही दिसतात. डाय पॉलिश करूनही फरक नाही.

रोलिंगवाला: डायला हात लावू नका, हे स्ट्रेचर स्ट्रेन, म्हणजे पत्रा सारखा न ताणता पट्ट्यापट्ट्यांनी ताणला गेल्याच्या खुणा. ॲनीलिंगनंतर (तापवून मऊ केल्यावर) मिलमध्ये साधारण १ टक्का स्किन पास, म्हणजे हलकं लाटण देतात, त्याने यील्ड पॉइंटची उडी (पत्रा कायमचा वाकू लागताना ताण एकदम घसरणं) जाते. माल पडून राहिला की पोलादातला मोकळा कार्बन-नायट्रोजन डिसलोकेशनवर (स्फटिकांतल्या दोषरेषांवर) जाऊन बसतो आणि उडी परत येते. तापलेल्या शेडमध्ये तर आणखी लवकर. खोल भागात ताण जास्त, म्हणून तिथे पट्टे एकमेकांत मिसळून जातात. उरलेला लॉट रोलर लेव्हलरमधून काढा आणि त्याच दिवशी प्रेस करा. पत्रा रोलरमध्ये खरोखर उलटसुलट वाकला पाहिजे, नुसता सरळ करून उपयोग नाही.

क्यूएवाला (गुणवत्ता तपासणारा): पुढची ऑर्डर आयएस ५१३ (सीआर पत्र्याचं भारतीय मानक) च्या सीआर४ किंवा सीआर५ ची द्या. सीआर५ मध्ये टायटॅनियम किंवा नायोबियम कार्बन-नायट्रोजनला बांधून ठेवतं. महाग आहे, पण पेंट झालेला पार्ट रिजेक्ट होणं त्याहून महाग. व्यापाऱ्याकडून घेताना टेस्ट सर्टिफिकेटची तारीख बघा. माल त्याच्याच गोदामात म्हातारा झालेला असतो.

डायसेटर: लेव्हलर आमच्याकडे नाही.

रोलिंगवाला: मग हा लॉट आतल्या ब्रॅकेटला वापरा. पट्ट्यांनी तिथे काही बिघडत नाही.