सोलापुरात शिक बँडची 'रिस्के' एलपी मिळाली, धुवावी का?

सुई_अडकली: मंगळवार पेठेत भंगारात शिक या अमेरिकन डिस्को बँडची 1979 ची रेकॉर्ड मिळाली, कव्हरला बुरशी आलीय पण तबकडीवर ओरखडे कमीच दिसतात. तशीच लावू का धुऊन? आणि ओरिजनल आहे हे कसं कळणार?

पार्क_चौक: आधी धू बे, नाहीतर सुईची वाट लागंल. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि पुसायचं ते खाचांच्या दिशेनं गोल गोल, आडवं नाही. लेबलाला पाणी लागू देऊ नको.

बेसवेडा: नशीबवान आहेस लका! पहिलंच गाणं 'गुड टाइम्स', त्यात बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सची बेस गिटार ऐक, त्याच वर्षी 'रॅपर्स डिलाइट' या रॅप गाण्यावाल्यांनी तीच चाल उचलली. वर नाइल रॉजर्सची गिटार, नुसती चक-चक, पण पाय थांबत नाही. ओरिजनलचं म्हणशील तर गाणी संपल्यावर लेबलाजवळ कोरी जागा असते तिथं नंबर कोरलेला असतो, तो नेटवर ताडून बघ, कव्हरवर विश्वास ठेवू नको.

पार्क_चौक: आणि ती उभी ठेव की, आडवी थप्पी नको. पत्र्याखाली तर अजिबात नको, आपल्या मे महिन्यात पापडासारखी वाकडी होती.

सुई_अडकली: नंबर सापडला, पण भिंग आणावं लागंल राव.