आईच्या न्हाणीतला नळ

धाकटा: दादा टाइल्स लागायच्या आत बोलतो, आईच्या न्हाणीत थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवू. 38 डिग्रीवर लावला का तेवढंच गरम येते, वर न्यायचं असन तं बटन दाबूनच फिरवा लागते. तिचा हात भाजला तवापासून मले झोप नाई

दादा: अरे साध्या मिक्सरमधेबी गरम थंड मिसळतेच ना, मंग येवढे पैसे काहून?

धाकटा: साध्यात आपण मिसळतो, यात आतली मेणाची कांडी मिसळते. पाणी जास्त गरम झालं का मेण फुगते अन् गरमची वाट लहान करते. किचनमधे कोणी नळ सोडला तरी सावरून घेते, थंड पार बंद पडलं तं गरमबी अडवते

मामा: हे सगळं बरोबर हाये बावा, पण टाकी शॉवरच्या किती वर हाये ते सांग आधी. 10 मीटर उंचीवर 1 बार प्रेशर भेटते. तुमची टाकी स्लॅबवरच, लय झालं तं 2 मीटर वर, म्हणजे 0.2. यातले बरेच नळ अर्धा ते 1 बार मागतात, नाई तं करंगळीयेवढी धार

दादा: पंप लावू न मंग

मामा: लाव, पण गरम अन् थंड दोन्हीले सारखं प्रेशर पायजे. अन् सोलरची ती साधी टाकी पंपाच्या लाइनवर चुकूनबी जोडू नको, झेलणार नाई, फुटन. गिझरच घे, त्याच्यावर किती बार चालते ते लिहून असते

वहिनी: मामाजी अन् आपलं खारपानाचं पाणी? माझ्या शॉवरचे भोकं सहा महिन्यात पांढरे होऊन बुजतात. शिवाय मे महिन्यात टाकीतलंच पाणी चटका देते, तवा हा नळ काय करन

मामा: काईच नाई करत, फ्रीज थोडी हाये तो 😀 थंड असन तं मिसळन. क्षाराचं मात्र खरं हाये. नळातली जाळी दर महिन्याले धुवा लागन, अन् कांडी अमरावतीत सुटी भेटते का ते विचारूनच नळ घ्या. भिंतीत गाडायचा घेऊ नका, वरून बसणारा घ्या, खराब झाला तं टाइल फोडा लागत नाई. गरम अन् थंडचे पॉइंट एकमेकांपासून 150 मिमी अंतरावर, गरम डाव्या हाताले

धाकटा: मी दुकानात विचारतो. दादा तोवर गिझरचं बटन 50 वर आण, आजच

दादा: आणलं. गवंडी 8 ले येऊन रायला, त्याच्याच टेपनं टाकी मोजतो अन् फोटो टाकतो. ती भिंत उद्या सोडून देतो