श्याम घाबरतो, ते पण वाचा ना

वर कोणीतरी म्हटलंय की 'श्यामची आई' हे आईचं पुस्तक, मुलग्यांच्या मनातलं त्यात काही नाही, हे मला अजिबात नाही पटलं. पोहायला घाबरून माळ्यावर लपून बसलेला श्याम आठवा, आई शिमटीने मारून त्याला विहिरीवर धाडते आणि नंतर तिलाच वाईट वाटतं. हे साने गुरुजींनी १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. त्या वयाच्या पुरुषाने 'मी भित्रा होतो, मी रडलो' असं उघड लिहायचं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

मी नववीत असताना निफाडकडे आमच्या द्राक्षबागेवर गारपीट झाली, माल तोडायला आठ दिवस राहिले होते. आईजवळ बायका येऊन बसल्या, ताईला मावशीने जवळ घेतलं, आणि मला मात्र जो तो येऊन पाठीवर थाप मारून सांगायचा, आता तूच बघायचं रे सगळं. मी रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे जाऊन शर्टाची बाही तोंडात धरून रडलो, आवाज येऊ नये म्हणून. वडील पण तिथेच उभे होते, पाठमोरे. दोघंही काहीच बोललो नाही, आजपर्यंत नाही.