भाचा दिवसभर खोलीत, स्क्रीनवर नुसती मारामारी. वायफाय बंद करू का?

सुदामानगरचा मामा:
नमस्कार मंडळी. ताईचा मुलगा यंदा देवासहून आमच्याकडे इंदूरला आलाय अकरावीसाठी, सोळाचा आहे, कोचिंग भंवरकुआला. तिथून आला की दार लोटून घेतो, हेडफोन चढवतो आणि मग शूटिंगवाले गेम नाहीतर त्या सिरीज ज्यात दर दहा मिनिटांनी कुणाचातरी गळा कापतात. इथे मित्र एकही नाही. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला चल म्हटलं तर "तुम्ही जा मामा". परवा जेवायला हाक मारली तर असा खेकसला की आई दचकून उठून बसली. बायको म्हणते वायफाय बंद करा, ताई फोनवर रडते की हा उद्या कुणाला काही करणार तर नाही ना. काय करू?

लोकमान्यनगरी भिया:
अरे दादा बंदीने काय होतं ते सरकारने करून बघितलंय ना. 2020 च्या सप्टेंबरात पबजी बंद, पोरं फ्री फायरवर, 2022 च्या फेब्रुवारीत तेही बंद, मग आणखी काही. बीजीएमआय म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, त्यात अठराच्या आतल्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे, आमच्या गल्लीत अर्धी पोरं बापाच्या नंबरवर खेळून राहिलीत.

शिकवणीवाली ताई:
मी सायकॉलॉजी शिकवते म्हणून थोडं लांबण लावते. हिंसा बघून मुलं तशी वागतात हे मानसशास्त्रज्ञ बांडुराने 1961 मध्ये बाहुलीच्या प्रयोगात दाखवलं, पण ती लहान मुलं होती आणि समोर होती बाहुली. गेमबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये जे म्हटलं ते तुमच्या ताईला वाचून दाखवा: ओरडणं, ढकलणं असल्या वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण गोळीबारासारख्या हिंसेचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणजे तो खेकसला याचं नवल नाही, मॅच अर्धी सोडून उठवलं तर गेम न खेळणारंही खेकसेल.
मला काळजी वेगळीच वाटते. टीव्हीच्या परिणामांचा अभ्यास करणारा जॉर्ज गर्बनर म्हणायचा की टीव्हीवर फार हिंसा बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. ज्याचे चार मित्र आहेत त्याचं ते खुळ मित्रच काढतात, पण हा बोलणार कुणाशी? त्यामुळे तास मोजू नका, झोपतो किती, जेवतो का, कोचिंग बुडवतो का ते बघा.

नेमळस्कर नाही मी:
सगळी हिंसा एका मापाने मोजू नका हो. गेममधला माणूस मेला तरी पुढच्या मॅचला उभा राहतो. ग्रुपवर फिरणारे खऱ्या अपघाताचे, खऱ्या मारहाणीचे व्हिडिओ बघतोय का ते आधी कळू द्या, ते डोक्यातून जात नाहीत. आणि हेडफोन लावून तो बोलतो का? कुणाशी?

सुदामानगरचा मामा:
विचारलं. म्हणजे शेजारी जाऊन बसलो आणि मला शिकव म्हटलं, दोन मिनिटांत मेलो, हसला बऱ्याच दिवसांनी. त्याच्या स्क्वाडमध्ये तिघं देवासचे, शाळेपासूनचे! आम्हाला वाटायचं एकटा बसलाय. पण त्या सिरीज मात्र रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकटाच बघतो, झोप येत नाही म्हणतो, आणि सकाळी पोह्याची प्लेट तशीच टाकून क्लासला जातो.

शिकवणीवाली ताई:
मग वायफाय बंद केलंत तर त्याचं देवास बंद होईल, हे डोक्यात ठेवा. रात्री अकरानंतर चार्जर सगळ्यांचे हॉलमध्ये, सगळ्यांचे म्हणजे मामाचापण. तरीही झोप आणि जेवण सुधारलं नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला तर वाट बघू नका, टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा, फुकट आहे, तुम्ही स्वतःसुद्धा विचारू शकता.

लोकमान्यनगरी भिया:
आणि त्या तिघांना एका शनिवारी बोलवा ना इकडे, देवास काय चाळीसेक किलोमीटर. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत न्या, भुट्ट्याचा कीस खाऊ घाला. तुम्ही मात्र दोन टेबलं लांब बसा.

सुदामानगरचा मामा:
ताईला फोन लावतोय, त्यांच्या घरच्यांची परवानगी तीच काढेल. चार्जरवरून घरात भांडण होणार आहे, आणि ते भाच्याशी नाही, बायकोशी 😅