आईला आठवत नाही, की ऐकूच येत नाही?

कोरांटी:
आई ७३ वर्षांची, मिरजेला एकटी राहते. पंधरा वर्षांपासून शुगर, बीपीही आहे. दिवाळीत गेले तर चकलीच्या भाजणीचं प्रमाण तिला आठवेना. एवढी वर्षं तोंडपाठ असलेलं! वाटी हातात धरून डाळीच्या डब्यासमोर नुसती उभी राहिली. एकच गोष्ट तीनतीनदा विचारते. टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत येतो, फोनवर मात्र 'हो हो' करून ठेवून देते. डॉक्टर म्हणाले, वयच झालंय आता. मला ते पटत नाही. काय तपासून घेऊ?

माणदेशी:
ताई, आधी कान तपासा. टीव्ही आणि 'हो हो' वाचून आमचे अण्णाच डोळ्यांसमोर आले. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? कानाचं मशीन घेतलं, पण महिनाभर ते डबीतच पडून होतं. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणायचे. रोज अर्धा तास, मग तास, अशी सवय लावली. आता नातवाशी पुन्हा पत्ते खेळतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण हाताळता येण्याजोग्या १४ गोष्टी मांडल्या. त्यांत बहिरेपण, शुगर, बीपी, एकटेपणा आहेच. उपचार न केलेली अधू नजर त्या वर्षी नव्याने आली. म्हणून मोतीबिंदूही बघून घ्या.

जास्वंद:
शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात का? वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ जीवनसत्त्व कमी होऊन विसरायला होऊ शकतं, त्यात शाकाहारी असतील तर जास्तच. बी१२ आणि थायरॉइड, दोन्ही रक्तातून कळतं. शिवाय काही गोळ्यांनी, जेवण चुकलं की शुगर एकदम खाली जाते आणि माणूस गोंधळतो. एकटीसाठी स्वयंपाक करायचा म्हणून त्या रात्री नुसत्या दुधावर राहतात का, ते जरूर विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

कोरांटी:
जास्वंद, अगदी तेच निघालं. रात्री दूध-बिस्कीट! बी१२ कमीच, १४८ आलंय, इंजेक्शनं सुरू केली. थायरॉइड ठीक आहे. कानाची तपासणी सोमवारी. काल तिच्या शेजारी, उजव्या कानाशी बसून भाजणी लिहून घेतली: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ. आज सकाळी तिचाच फोन आला, "अगं, धने राहिले की!"